असाइनमेंट एक, उत्तर भलतंच: सूचना नेमकी कुठे गळते?

तक्रार जुनीच आहे. प्रश्न असतो, ‘१९१७ साली डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा का मिळाली नाही?’ आणि गठ्ठ्यातलं एकेक उत्तर सुरू होतं, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला.’ मग शिक्षण, पदव्या, चवदार तळं, राज्यघटना, महापरिनिर्वाण. बडोदा आलंच तर एका ओळीत, तेही शिष्यवृत्तीपुरतं. सगळं खरं, तारखा बरोबर, अक्षरही बरं. विचारलेल्याचं उत्तर तेवढं नाही.

बडोद्यातल्या आपल्या कॉलेजच्या वर्गातली बरीचशी मुलं घरी मराठी बोलणारी, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मराठीच्या पेपरात हा प्रकार जरा जास्त होतो, पण इतिहासवाले आणि समाजशास्त्रवालेही हेच रडगाणं गातात. स्टाफरूममधलं निदान दोन शब्दांत आटोपतं: ‘वाचतच नाहीत.’ उपायही ठरलेला. पुढच्या वेळी सूचना ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा, शेवटी ‘काळजीपूर्वक वाचा’. कागद भरत जातो आणि प्रश्न त्यात आणखी बुडतो.

आधी बघा: चुकलंय की टाळलंय?

वरून सारखी दिसली तरी ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ओळखायचं असं. मुलाला जवळ बोलवा, प्रश्नाचा कागद आणि त्याची वही दोन्ही पालथी ठेवा आणि विचारा, ‘काय लिहायला सांगितलं होतं? तुझ्या शब्दांत सांग.’ गुजरातीत सांगितलं तरी हरकत नाही, इथे भाषा तपासायची नाहीये.

‘आंबेडकरांची माहिती लिहायची होती ने, बेन,’ (बेन म्हणजे गुजरातीत बाई) असं उत्तर आलं तर प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. ‘त्यांना इथे जागा का नाही दिली ते,’ असं बरोबर सांगितलं आणि तरीही वहीत जन्मतारीख असली, तर प्रश्न पोचला होता. त्याने वळसा घातला. पहिल्याला सूचना सुधारून द्यायला हवी. दुसऱ्याला कितीही स्वच्छ सूचना द्या, तो वळसा घालणारच, कारण त्याची अडचण सूचनेत नाहीच.

विचारताना आवाज जाब विचारल्यासारखा लागू देऊ नका. तसा लागला की मूल ‘सॉरी बेन’ म्हणून मोकळं होतं आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. चार-पाच जणांना विचारलं तरी वर्गाचा कल कळतो, सगळ्यांची हजेरी घ्यायची गरज नाही.

प्रश्न पोचत नाही तेव्हा

मुलं प्रश्नातलं नाम वाचतात, क्रियापद वाचत नाहीत. ‘आंबेडकर’ दिसलं की आंबेडकरांविषयी जे जे पाठ आहे ते सगळं बाहेर येतं. यात मुलांचा आळस कमी आणि शाळेतली सवय जास्त आहे. ‘टीप लिहा’, ‘सविस्तर लिहा’, ‘माहिती द्या’ अशा प्रश्नांवर ती वाढलेली असतात, आणि तिथे विषय ओळखता आला की निम्मी लढाई जिंकली. क्रियापद वाचून कधी एक गुण जास्त मिळालेला नसतो. सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटं वेगळी मिळतात. त्या वेळात मुलं काय करतात ते त्यांनाच विचारून बघा. ‘येणारे प्रश्न शोधतो.’ येणारा प्रश्न म्हणजे ज्यातलं नाम ओळखीचं आहे तो.

त्यात आपली क्रियापदं. ‘विशद करा’, ‘परामर्श घ्या’, ‘मीमांसा करा’, ‘साधक-बाधक चर्चा करा’. ही भाषा घरात कुणी बोलत नाही, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी वाड्यांतही नाही. मुलाला ती सगळी ‘लिहा’ या एकाच अर्थाची वाटतात. १९५६ साली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या उद्दिष्टांची उतरंड मांडली. पुढे अभ्यासक्रमांना क्रियापदांच्या याद्या चिकटल्या त्या तिच्याच आधाराने. त्या याद्या पेपर काढणाऱ्याच्या सोयीच्या आहेत. पेपर सोडवणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही.

आपल्याकडे हिंडणारा एक नमुना बघा. असा कागद प्रत्येकाच्या फाइलीत एक तरी सापडेल:

‘सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या धोरणाचा आढावा घेऊन त्याचे तत्कालीन समाजावर झालेले परिणाम स्पष्ट करा व आजच्या संदर्भात त्याची चर्चा करा. मुखपृष्ठावर नाव, रोल नंबर व विषय लिहावा. समास सोडावा. निळ्या शाईनेच लिहावे. शब्दमर्यादा पाळावी. संदर्भ द्यावेत. उशिरा आलेल्या असाइनमेंट स्वीकारल्या जाणार नाहीत.’

कामं तीन: आढावा, परिणाम, आजचा संदर्भ. मूल त्यातलं सगळ्यात सोपं उचलतं, म्हणजे आढावा, आणि तोच पाच पानं चालतो. शेवटी ‘अशा प्रकारे आजही शिक्षणाचे महत्त्व आहे’ हे वाक्य टाकलं की आजचा संदर्भही उरकला. नंतरच्या सहा सूचनांपैकी विचार करायला लावणारी एकही नाही, आणि गंमत म्हणजे त्या बहुतेक पाळलेल्या असतात. समास सोडलेला असतो, शाई निळी असते. म्हणजे मुलं सूचना वाचतात! ज्या सूचनेत काय करायचं ते डोळ्यांना दिसतं, ती वाचतात आणि पाळतातही. मग प्रश्नही तितकाच डोळ्यांना दिसेल असा का लिहू नये?

तोच विषय असा विचारता येतो:

‘बडोदा संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू झाला. सगळ्या संस्थानात सक्ती आली ती १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षं का लागली असतील? दोन कारणं सांगा. प्रत्येक कारणाला वर्गात वाचलेल्या उताऱ्यातला एक आधार द्या. दीड पान.’

इथे आढावा घ्यायला जागाच उरत नाही, कारण आढावा प्रश्नातच देऊन टाकला आहे. मुलं जी माहिती ओतणार हे आपल्याला ठाऊक असतं, ती आपणच प्रश्नात आधी ओतायची. मग त्यांना पुढे सरकावंच लागतं. माझ्या मते या सगळ्या दुरुस्त्यांमधली सगळ्यात कामाची हीच. ‘का’, ‘कोणतं’, ‘फरक काय’ असा सरळ प्रश्न आणि शेवटी एकच प्रश्नचिन्ह. दोन प्रश्नचिन्हं आली की दोन असाइनमेंट झाल्या, त्यातली एक पुढच्या महिन्यासाठी ठेवा.

‘चर्चा करा’ सोडताच येत नसेल, विद्यापीठाच्या साच्यात तेच लिहावं लागत असेल, तर खाली साध्या मराठीत उलगडून द्या: ‘म्हणजे आधी एका बाजूचं म्हणणं, मग दुसऱ्या बाजूचं, मग तुम्हाला कोणतं पटतं आणि दुसरं का पटत नाही.’ परीक्षेत हाच शब्द पुन्हा भेटणार असतो, तेव्हा ही ओळ मुलांच्या वहीत असलेली बरी.

शाई, समास, मुखपृष्ठ कागदाच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला प्रश्न आणि त्याभोवती भरपूर कोरी जागा.

‘काय नको’ ही एक ओळ मात्र पुढेच हवी. ‘जन्म, शिक्षण, पदव्या नकोत. वाचणाऱ्याला ते माहीत आहे असं धरा.’ यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. मुलाच्या मनात वाचणारा म्हणजे परीक्षक, आणि परीक्षकाला आपल्याला किती येतं ते दाखवायचं असतं. वाचणारा बदलला की लिहिणंही बदलतं. ‘सयाजीबागेत फिरायला आलेल्या नागपूरच्या पाहुण्याला सांगताय असं समजा’ एवढं म्हटलं तरी जन्मतारखा गळतात. नकारांची यादी लांबवू नका. दहा ‘नको’ लिहिले की त्यातले निम्मे मुलांना मुद्दे म्हणून उपयोगी पडतात.

‘बेन, किती पानं?’ या प्रश्नावर चिडण्यात अर्थ नाही. मुलाच्या दृष्टीने काम केवढं आहे हे कळायचा तोच एक मार्ग आहे. फक्त आकडा देताना कारणासकट द्या. ‘दीड पान, कारण दोनच कारणं आहेत.’ नुसतं ‘किमान पाच पानं’ म्हटलं की चौथ्या पानावर जन्मतारीख येणारच, पानं भरायला दुसरं असतं काय?

‘समजलं का?’ विचारू नका

‘समजलं का?’ याला ‘हो बेन’ याखेरीज दुसरं उत्तर अस्तित्वात नाही. शेवटच्या बाकावरचा सगळ्यात मोठ्याने ‘हो’ म्हणतो. चांगले डॉक्टर गोळ्या लिहून दिल्यावर पेशंटकडून वदवून घेतात, ‘कधी घ्यायच्या सांगा बरं.’ तसंच करायचं. कागद वाटल्यावर पाच मिनिटं द्या आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर एक वाक्य पुरं करायला सांगा: ‘या असाइनमेंटमध्ये मी ... या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, आणि सगळ्यात आधी मी ... करणार आहे.’ नाव घालायचं नाही.

चिठ्ठ्या तिथेच गोळा करून तिथेच वाचा. घरी नेल्या तर त्या पर्समध्येच राहतात. गोंधळ कुठे आहे ते दहा-बारा चिठ्ठ्यांत दिसायला लागतं, कारण चुका विखुरलेल्या नसतात. पाच-सहा जण एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने चुकलेले असतात. त्या जागी तुमचं वाक्य दुरुस्त करा, फळ्यावर नवं वाक्य लिहा आणि सगळ्यांना कागदावर तसा बदल करून घ्यायला लावा. चुकलेली चिठ्ठी मोठ्याने वाचून हसं मात्र करू नका, पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्यांवर प्रश्नच उतरवून येईल.

नमुना उत्तर द्यावं का, यावर मतं आहेत. पूर्ण उत्तर दिलं तर वर्गभर त्याच्याच प्रती येतात. त्याऐवजी दोन सुरुवाती द्या आणि निवडायला सांगा. आंबेडकरांच्या प्रश्नासाठी उदाहरणार्थ या दोन:

‘भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे थोर समाजसुधारक होते. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत त्यांनी शिक्षण घेतले.’

‘ज्या संस्थानाने कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, त्याच संस्थानात नोकरीला आलेल्या आंबेडकरांना राजधानीत खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत राहायचं तर पारशी नाव लावावं लागलं.’

‘कोणतं चांगलं?’ असं विचारलं तर मुलं पहिल्याला मत देतात. भाषा भारदस्त आहे ना! म्हणून विचारायचं, ‘कोणत्या सुरुवातीत प्रश्नाचं उत्तर सुरू झालंय? कोणत्या शब्दापाशी?’ मग बोट ‘खोली मिळेना’वर पडतं. यावर वर्गात वाद झाला तर होऊ द्या, तास त्यातच गेला तरी चालेल.

प्रश्न पोचलाय, पण वळसा घातला जातो

मुलाच्या बाजूने बघितलं तर वळसा शहाणपणाचा असतो. पाठ केलेलं कधी चुकत नाही. ‘तुम्हाला काय वाटतं’ याचं उत्तर चुकू शकतं, निदान मुलांना तरी तसं वाटतं. गाइडमधल्या परिच्छेदाला आजवर कुणी शून्य दिलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ नंतर गाइडची जागा चॅटजीपीटीने घेतली, एवढाच काय तो फरक.

२०२४च्या ऑगस्टअखेर बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला पूर आला. पाणी सोसायट्यांत शिरलं, मगरी रस्त्यांवर आणि आवारात दिसल्या. त्यानंतर लिहायला सांगितलं, ‘तुमच्या घराजवळ पाणी कुठपर्यंत आलं आणि त्या दिवशी कुणी काय ठरवलं, ते सांगा.’ परत आलं ते ‘पूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे. मानवाने निसर्गावर केलेल्या अत्याचारांमुळे...’ लिहिणाऱ्या मुलीच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर अजून चिखलाची रेघ होती. आजीला वरच्या मजल्यावर कसं नेलं, गॅसची टाकी कुणी उचलली, हे तिने तोंडी पाच मिनिटं रंगवून सांगितलं. मग हेच का नाही लिहिलंस? ‘बेन, ते काय लिहायचं? ते तर नुसतं झालं.’

‘नुसतं झालेलं’ लिहिण्यालायक असतं हे तिला आजवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिच्या लेखी निबंध म्हणजे ‘मानवाने निसर्गावर’. इथे सूचना आणखी स्पष्ट करून भागत नाही. कच्चा माल आधी मागावा लागतो, निबंध नंतर.

म्हणून काम दोन टप्प्यांत तोडा. पहिल्या टप्प्यात वाक्यरचना नाही, शुद्धलेखन नाही. एका पानावर नुसती टिपणं: कुठे, किती वाजता, कोण, कुणाचे नेमके शब्द. यावर गुण नाहीत, आणून दिलं की झालं. दुसऱ्या टप्प्यात त्याच टिपणांतून लेखन, टिपणं पाठीमागे पिन मारून. टिपणांत चौथी पायरी असेल आणि निबंधात ‘नैसर्गिक आपत्ती’ असेल, तर मुलालाच दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतं. बोलणी खाण्याचीही वेळ येत नाही.

ज्याला वळसा घालता येणार नाही असा प्रश्न काढायची दुसरी पद्धत म्हणजे मजकूर लहान करणं. आंबेडकरांनी बडोद्यातल्या या प्रसंगाबद्दल स्वतः लिहून ठेवलं आहे. तेवढा भाग वर्गात वाचायचा. धर्मशाळेत राहत असल्याच्या अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी तिथे आले आणि त्यांना बाहेर काढलं. मग त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन. हिंदू मित्राने सांगितलं, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्राने गोष्ट बायकोवर टाकली, ती दुसऱ्या दिवशी येणार, तिला विचारून सांगतो. शेवटी आंबेडकर कमाटीबागेत (म्हणजेच सयाजीबागेत) जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. प्रश्न असा: ‘दोन मित्रांच्या उत्तरांतला फरक बघा. तुम्हाला कोणतं उत्तर जास्त टोचतं, आणि का?’ याचं उत्तर जन्मतारखेपासून सुरूच करता येत नाही. चॅटजीपीटीला विचारलं तर ते फरक सांगेलही, पण ‘तुम्हाला कोणतं टोचतं’ यावर वर्गात दोन मिनिटं बोलायचं आहे हे आधीच जाहीर केलं असेल, तर मुलाला स्वतःचं काहीतरी ठरवून यावंच लागतं.

एक ऐकण्याजोगं आहे. नोकरांचं कारण आणि बायकोचं कारण यांत मुलांचं एकमत होत नाही. कुणी म्हणतं पहिला निदान खरं बोलला, कुणी म्हणतं दुसऱ्याने निदान दार बंद केलं नाही. हा वाद झाला की लिहायला काही उरत नाही अशी भीती वाटते, पण होतं उलटंच. बोलून झालेली मुलं जास्त सरळ लिहितात.

मजकूर कुणी लिहिला हे पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. ओपनएआय या चॅटजीपीटीच्याच कंपनीने स्वतःचं असं साधन काढलं होतं, आणि ते पुरेसं अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. बनवणाऱ्यांना जे जमलं नाही, त्याच्या टक्केवारीवर एखाद्या मुलाला चोर ठरवणं बरं नव्हे. टिपणं आणि दोन मिनिटांचं तोंडी, या दोन जुन्या गोष्टी पुष्कळ आहेत.

ठिकाण जोडणंही कामी येतं, पण जपून. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आपल्या दाराशी आहे. सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणून १९१०च्या सुमारास संस्थानभर ग्रंथालयं उभारायला घेतली, त्यातलं हे मुख्य. पुस्तकांच्या मजल्यांवर काचेच्या फरश्या आहेत. ‘ग्रंथालयाला भेट देऊन अहवाल लिहा’ म्हटलं की विकिपीडिया येतो. ‘मजल्याची फरशी काचेची का केली असेल? वर उभं राहून खाली बघा आणि तुमचा अंदाज लिहा’ म्हटलं की मुलं बघून येतात. मग खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचतो ही गोष्ट त्यांना स्वतःची सापडलेली वाटते. घरून सगळ्यांना जाता येईल का, जिना चढता येईल का, आतल्या मजल्यांवर जाण्याची परवानगी लागते का, हे आधी बघा. नाहीतर न गेलेली मुलं गेलेल्यांचं उतरवून काढतात आणि वळशाला आपणच रस्ता करून देतो.

गुण कुठे जातात ते बघा

गुणांच्या बाबतीत थोडं कठोर लिहिते. विषय सोडून लिहिलेल्याला ‘मेहनत घेतलीय’ म्हणून १० पैकी ६ मिळत असतील, तर वळसा हा किफायतशीर धंदा आहे, आणि मुलं हिशेबाला पक्की असतात. प्रश्नाचं उत्तर दिलंय का, हा पहिला निकष ठेवा आणि त्यावर गुण ठेवूच नका. उत्तर असेल तर बाकीचं तपासायचं, नसेल तर वही न तपासता परत, आठवडाभराची मुदत. शून्य नाही आणि सहाही नाहीत. पालकांचे फोन येतील. ‘पुन्हा लिहून आणलं की पूर्ण गुणांतूनच तपासेन’ हे वाक्य तयार ठेवा, बहुतेक फोन तिथे थांबतात.

अमेरिकेत मेरी-ॲन विंकेल्मेस यांनी असाइनमेंटच्या कागदावर तीन गोष्टी स्पष्ट मांडायचा आग्रह धरला: हे कशासाठी, काय करायचं, आणि कशावरून तपासणार. सात संस्थांमध्ये केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत शिक्षकांनी सत्रात फक्त दोन असाइनमेंट अशा बदलल्या होत्या, आणि तेवढ्यानेही मुलांचा आत्मविश्वास वाढलेला दिसला. मला यात दिलासा वाटतो तो ‘दोन’ या आकड्याचा. सगळा कोर्स पाडून नव्याने बांधायची गरज नाही. फक्त ‘कशासाठी’ लिहिताना ‘भाषिक कौशल्यांचा विकास व्हावा’ असलं लिहू नका. ‘उद्या तुम्हाला महानगरपालिकेत तक्रार-अर्ज लिहायचा आहे, त्यात मुद्दा पहिल्या तीन ओळींत यावा लागतो’ असं लिहा.

कागदच पोचत नाही

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कागदाचा फोटो टाकला जातो, खालची ओळ कापली जाते, तीच नेमकी ‘काय नको’ची असते. मग दुरुस्तीचा मेसेज, त्यावर दुसरी दुरुस्ती, मध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक. सूचना एकाच ठिकाणी, टाइप केलेली, पिन करून. बदल झाला तर जुनी काढून पूर्ण नवी टाका, वर तारीख घाला. व्हॉइस नोटवर सूचना देऊ नका, कुणी दोनदा ऐकत नाही.

तरीही उरतात ती मुलं

सगळं करूनही दोन-चार मुलं प्रत्येक वेळी प्रश्न चुकवतात. तोंडी विचारलं तर मात्र सुरेख उत्तर देतात. अशा वेळी ‘लक्ष नाही’ म्हणायची घाई नको. वाचताना ओळ सुटणं, लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात हरवणं, हे डिस्लेक्सियासारख्या अडचणीतही दिसतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत शिकण्याच्या विशिष्ट अक्षमता आहेत. निदान करणं आपलं काम नाही, पण प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं, कागदावरचं अक्षर मोठं करणं, एका ओळीत एकच काम लिहिणं हे कुठल्याही परवानगीशिवाय करता येतं. त्याने फरक पडला, तर घरच्यांशी आणि कॉलेजच्या समुपदेशकाशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी ठोस असतं. गुजराती लिपीची सवय असलेली काही मुलं नुसती सावकाश वाचतात, त्यांना वेळ दिला की पुरतं.

परत केलेल्या वहीवर शेरा काय लिहायचा ते शेवटचं. ‘विषयांतर’ या एका शब्दाने मुलाला काही कळत नाही. त्याऐवजी उत्तर कुठे सुरू झालंय ते शोधा. पुष्कळदा ते तिसऱ्या परिच्छेदाच्या मधोमध एखाद्या वाक्यात लपलेलं असतं. तिथे समासात आडवी रेघ मारा आणि लिहा, ‘इथून सुरू कर.’ वरचा सगळा मजकूर तसाच राहू दे, खोडू नका. कुठेच सुरू झालेलं नसेल तर शेऱ्याच्या जागी मूळ प्रश्न पुन्हा लिहा, पण मुलाच्या बोलीत: ‘तो दुसरा मित्र बायकोचं नाव का पुढे करतो?’ पुढच्या आठवड्यात वही घेताना हा शेरा आधी वाचा, मग उत्तर. दुसऱ्यांदाही जन्मतारीखच आली, तर लेखी पुन्हा मागू नका. दुपारी रिकाम्या तासाला बसवून तोंडी विचारा, तो बोलतोय ते तुम्ही लिहून घ्या, आणि तो कागद त्याच्या हातात देऊन सांगा, ‘हे तुझंच आहे, आता नीट मांडून आण.’